पिस्तुलाला मज्जाव : कोठे आणि कोणाच्या शब्दाने?

अमेरिकेतील बंदुकांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा एखाद्या शाळेत किंवा बाजारपेठेत हत्याकांड झाले म्हणजे लिहिले जाते, आणि शस्त्र कोणाच्या हाती असावे एवढ्याच प्रश्नाशी ते थांबते. परंतु परवाना घेऊन कोटाखाली भरलेले पिस्तूल बाळगण्याची मुभा एकदा कायद्याने दिली की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो : ते पिस्तूल कोठे नेता येणार नाही? वरवर पाहता हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा वाटतो. पण निषिद्ध स्थळांची यादी हाती घेऊन ती नीट वाचली, आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्या यादीने कोणाला दिला आहे हे पाहिले, तर त्या समाजातील मालमत्तेच्या संबंधांचे असे चित्र दिसते की जे पुष्कळ जाडजूड अर्थशास्त्रीय ग्रंथांतूनही दिसत नाही.

टेक्सास राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बंदूक म्हणजे जणू तेथील कुलदैवत अशी या राज्याची ख्याती असली तरी इतिहास वेगळा आहे. १८७० साली त्या राज्याने प्रार्थनामंदिरे, शाळा, नृत्यसमारंभ आणि मतदानाच्या जागा येथे शस्त्र नेण्यास मनाई केली, आणि पुढच्याच वर्षी पिस्तूल अंगावर बाळगण्यासच सर्वसाधारण बंदी घातली. ही बंदी सव्वाशे वर्षे टिकली. १९९५ साली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने परवानापद्धती आली आणि १ जानेवारी १९९६ पासून ती अमलात आली. १ सप्टेंबर २०२१ पासून तर बहुतेक ठिकाणी परवान्याचीही अट उरली नाही. २०२४ अखेर अशी विनापरवाना मुभा देणाऱ्या राज्यांची संख्या २९ झाली होती.

मुभा अशी विस्तारत गेली, परंतु निषिद्ध स्थळे पूर्णपणे पुसली गेली नाहीत. टेक्सासच्या दंडसंहितेत ती नोंदलेली आहेत : शाळा, मतदानकेंद्रे, न्यायालये, घोड्यांच्या शर्यतींची मैदाने, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग. ज्या दिवशी एखाद्या कैद्याला मृत्युदंड द्यावयाचा असेल त्या दिवशी वधस्थानापासून १,००० फुटांच्या आतही पिस्तूल नेता येत नाही. राज्य स्वतः जीव घेत असताना इतरांनी सशस्त्र असू नये, एवढी दक्षता कायद्याने घेतलेली आहे. मद्यालयांसंबंधीचा नियम तर हिशेबनीसाच्या वहीतून उचललेला वाटतो. जागेवर पिण्यासाठी विकलेल्या मद्यापासून ज्या धंद्याचे उत्पन्न ५१ टक्के किंवा अधिक, तेथे पिस्तूल निषिद्ध, आणि दारावर लाल रंगात ‘५१%’ अशी पाटी. पन्नास टक्के मद्य आणि पन्नास टक्के जेवण विकणाऱ्या जागी पिस्तूलधारी मनुष्य पिऊन बसला तर तो अधिक विवेकी असतो, असे विधिमंडळाने कोणत्या आधारावर ठरवले हे त्यालाच ठाऊक.

पण या यादीचा गाभा वेगळ्याच कलमात आहे. खासगी जागेच्या मालकाला आपल्या दारात पिस्तूल नको असेल, तर त्याला विहित मजकुराची पाटी लावता येते. ती इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत असावी लागते, आणि अक्षरे एक इंचाहून लहान चालत नाहीत. कपड्यांच्या दुकानाचा मालक, चित्रपटगृहाचा मालक, खासगी क्लबाचे चालक या सर्वांना हा अधिकार आहे. उलटपक्षी, नगरपालिकेच्या सार्वजनिक ग्रंथालयाला तो नाही. कायद्याने जी शासकीय ठिकाणे स्वतः निषिद्ध ठरवली आहेत ती वगळता इतर सरकारी मालमत्तेवर अशी पाटी लावून परवानाधारकाला अडवणे हा २०१५ सालापासून दंडनीय प्रकार आहे, आणि तो दंड त्या नगरपालिकेला होतो. म्हणजे एकाच रस्त्यावर पुस्तके विकणारा दुकानदार पिस्तुलाला मज्जाव करू शकतो. पुस्तके फुकट वाचावयास देणारे शहर करू शकत नाही. ज्या जागेचा कोणी एक मालक आहे तिला सुरक्षिततेविषयी मत असू शकते, जी जागा सर्वांची आहे तिला असू शकत नाही, असे हे तत्त्व आहे. ते चुकून शिरलेले नाही, जाणूनबुजून लिहिलेले आहे.

याचे सर्वांत ठसठशीत प्रत्यंतर विद्यापीठांत येते. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले होते. त्या घटनेला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, सरकारी विद्यापीठांच्या वर्गांत परवानाधारकांना पिस्तूल नेण्याची मुभा देणारा कायदा अमलात आला. सरकारी विद्यापीठाला काही जागा वगळता येतात, परंतु संपूर्ण मज्जाव करता येत नाही. खासगी विद्यापीठांना मात्र विद्यार्थी व अध्यापक यांच्याशी विचारविनिमय करून या कायद्यातून बाहेर राहण्याची सवलत ठेवली गेली आणि जवळजवळ सर्वच खासगी विद्यापीठांनी ती घेतली. ह्यूस्टनचे राइस किंवा डॅलसचे सदर्न मेथॉडिस्ट यांसारख्या भारी शुल्काच्या संस्थांत वर्ग निःशस्त्र राहिले. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या आणि सामान्य घरांतील मुले घेणाऱ्या विद्यापीठांत ते तसे राहिले नाहीत. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मुलांसाठी विद्यापीठ निवडताना शुल्काच्या तक्त्यात ही बाब छापलेली नसली तरी ती तेथे असतेच.

ऑस्टिनचे अर्थशास्त्रज्ञ डॅनिएल हॅमरमेश यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून आपण यापुढे तेथे शिकवणार नाही असे कळवले. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात एखाद्या असंतुष्ट विद्यार्थ्याकडे पिस्तूल असण्याचा धोका आपल्याला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते सिडनीला शिकवावयास गेले. त्यांच्या निर्णयाचा आदर केलाच पाहिजे. तथापि ज्याच्या नावाला जगभर मागणी आहे त्याला निघून जाणे परवडते. एका सत्रापुरत्या करारावर नेमलेल्या साहाय्यक अध्यापिकेला, वसतिगृहाची साफसफाई करणाऱ्या बाईला ते परवडत नाही. बाजाराच्या भाषेत जिला ‘निवड’ म्हणतात ती प्रत्यक्षात कोणाला उपलब्ध असते, याचा हा धडा अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाच्या निमित्ताने मिळावा हे योग्यच झाले.

कामगाराच्या बाबतीत तर पाटीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो जागेचा मालक नसतो. दुकानात बारा तास उभा राहणारा विक्रेता, हॉटेलात वाढणारी मुलगी यांनी पाटी लावा म्हणावे किंवा लावू नका म्हणावे, त्यांचे मत कायद्याने कोठेही विचारलेले नाही. एके ठिकाणी मात्र मालकाचाही अधिकार कापला गेला, आणि तो कसा कापला गेला हे पाहण्यासारखे आहे. ओक्लाहोमातील एका लाकूड व कागदाच्या कंपनीने २००२ साली कारखान्याच्या वाहनतळावरील मोटारींत बंदुका सापडल्यावरून काही कामगारांना कामावरून काढले. त्यानंतर २००४ साली त्या राज्याने असा कायदा केला की, कुलूपबंद मोटारीत बंदूक ठेवण्यास मालकाला मनाई करता येणार नाही. टेक्सासने २०११ मध्ये परवानाधारक नोकरांच्या बाबतीत हेच केले. ओक्लाहोमातील उद्योगांनी न्यायालयात धाव घेतली आणि कामगारांच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा आपल्या बाजूने पुढे केला. कनिष्ठ न्यायालयाने २००७ साली तो युक्तिवाद मान्य केला, वरिष्ठ न्यायालयाने २००९ साली फेटाळला. कामगारांना ज्या प्रकारे कामावरून काढले गेले त्याविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच राज्यांत कामगाराला संघटनेचा, आजारपणाच्या रजेचा, नोकरीच्या शाश्वतीचा हक्क देताना विधिमंडळांना मालमत्तेचे पावित्र्य नेहमी आठवत आले आहे. ते पावित्र्य बाजूला ठेवण्यास विधिमंडळे तयार झाली ती कामगाराच्या मोटारीतील बंदुकीसाठी, हे विसरता येत नाही.

आता विरुद्ध बाजूचा युक्तिवाद. तो दुर्बळ नाही, आणि त्याच्या पाठीशी खरे दुःख आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधील किलीन गावी एका माणसाने मोटार उपाहारगृहाच्या काचेतून आत घातली आणि २३ जणांना गोळ्या घालून ठार केले. सुझॅना हप या बाई त्या वेळी आईवडिलांसमवेत तेथे जेवत होत्या. त्यांचे पिस्तूल बाहेर मोटारीत होते, कारण ते अंगावर बाळगणे तेव्हा बेकायदेशीर होते. त्यांचे आईवडील दोघेही मारले गेले. कायदा पाळल्याची किंमत आपल्या आईवडिलांनी मोजली, ही त्यांची साक्ष पुढे अनेक विधिमंडळांपुढे झाली, आणि १९९६ साली त्या स्वतः टेक्सासच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेल्या. निषिद्ध स्थळाची पाटी कायदा पाळणाऱ्यालाच निःशस्त्र करते, मारेकरी ती वाचत नाही, हे त्यांचे प्रतिपादन नुसत्या पाटीपुरते खरे आहे.

पण मज्जाव म्हणजे नुसती पाटी नव्हे. न्यायालय आणि विमानतळ ही निःशस्त्र असतात ती पाटीमुळे नव्हे, तर दारातील कमानी, यंत्रे आणि पगारी माणसे यांच्यामुळे. अमेरिकेतील विमानतळांच्या तपासणीत २०२३ या एका वर्षात ६,७३७ बंदुका सापडल्या, आणि त्यांतील बहुतेक भरलेल्या होत्या. त्या बाळगणाऱ्यांपैकी पुष्कळजण ‘विसरलो’ असे सांगतात. जबाबदार परवानाधारकाचे जे चित्र रंगवले जाते त्यात या विसराळूपणाला जागा नसते. सांगावयाचे ते इतकेच की, खऱ्या मज्जावाला सार्वजनिक खर्च लागतो. जेथे तो खर्च केला जातो तेथे प्रश्न सुटतो. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय शस्त्रधारणेच्या हक्काचे निर्णय ज्या इमारतीत देते तेथे अभ्यागताला पिस्तूल नेता येत नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मे २०२२ मध्ये बंदूकधारकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे, नॅशनल रायफल असोसिएशनचे अधिवेशन ह्यूस्टन येथे भरले. माजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे भाषण झाले त्या सभागृहात सुरक्षा यंत्रणेने बंदुकांना बंदी केली होती. त्याच्या तीनच दिवस आधी, २४ मे रोजी, त्याच राज्यातील युव्हाल्डी येथील प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. तेथे एकूण ३७६ सशस्त्र पोलीस व अधिकारी जमले, आणि मारेकऱ्याच्या खोलीत शिरावयास त्यांना तासाभराहून अधिक वेळ लागला. चांगल्या माणसाच्या हाती बंदूक असली की संकट टळते, या सिद्धान्ताची याहून कठोर परीक्षा कल्पनेतही घेता आली नसती.

अर्थशास्त्रज्ञांनीही या वादात भर घातली आहे. जॉन लॉट यांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात असा दावा केला की, छुप्या पिस्तुलाची मुभा दिल्याने गुन्हे घटतात, कारण कोण सशस्त्र आहे हे गुन्हेगाराला कळत नाही. विधिमंडळांतून या पुस्तकाचे दाखले कित्येक वर्षे दिले गेले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ साली उपलब्ध पुरावा तपासून असा निष्कर्ष काढण्यास तो अपुरा असल्याचे सांगितले. पुढे जॉन डोनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुभा दिल्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण एरवी असते त्याहून १३ ते १५ टक्के अधिक आढळले. आकडेशास्त्राचा वाद येथे संपला असे कोणी मानू नये. पण लॉट यांच्या मांडणीतील मूळ गृहीतकाकडे लक्ष वेधले पाहिजे. त्यात सुरक्षितता ही पाचशे-हजार डॉलरना विकत घेऊन कमरेला लावण्याची वस्तू आहे, आणि ती न घेणाऱ्याला शेजाऱ्याच्या खरेदीचा लाभ आपोआप मिळतो. शेजाऱ्याच्या रागाचा, दारूचा, विसराळूपणाचा आणि त्याच्या मोटारीतून चोरीला गेलेल्या पिस्तुलाचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा, याचे उत्तर त्या ताळेबंदात नाही.

असे असले तरी जुनी न्यूयॉर्कची पद्धत हा आदर्श होता असे समाजवाद्यांनी समजू नये. १९११ च्या सलिव्हन कायद्याखाली तेथे परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर मिळे. अर्जदाराला विशेष कारण दाखवावे लागे. धनिकांना आणि वजनदारांना ते दाखवता येई. न्यूयॉर्क शहराच्या परवाना विभागातील पोलीस अधिकाऱ्यांवर लाच घेऊन परवाने दिल्याचे खटले अलीकडेच झाले आणि गुन्हे शाबीतही झाले. दुसरीकडे ब्राँक्स-ब्रुकलिनमधील गरीब काळी व स्पॅनिशभाषी मुले विनापरवाना पिस्तुलासाठी तुरुंगात जात. म्हणूनच २०२१ साली गरिबांची वकिली करणाऱ्या सार्वजनिक वकिलांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयात त्या कायद्याच्या विरोधात उभ्या राहिल्या; पुरोगामी वर्तुळांत त्याचे आश्चर्य वाटले, ते वाटण्याचे कारण नव्हते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब टाकला गेल्यावर त्यांनी अलाबामात परवान्यासाठी अर्ज केला होता, आणि तो नाकारला गेला. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात निषेधासाठी गेले, तेव्हा भरलेले शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी करणाऱ्या विधेयकावर सही करावयास गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांना मुळीच संकोच वाटला नाही. आणि परवाना हाती असूनही तो कोणाच्या कामी येतो? जुलै २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टील या शाळेच्या भोजनगृहात काम करणाऱ्या काळ्या परवानाधारकाने, पोलिसाने मोटार थांबवल्यावर, आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे नियमाप्रमाणे सांगितले. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि २०१७ साली तो पोलीस निर्दोष सुटला.

राज्यकर्त्याच्या मर्जीचा परवाना म्हणजे काय, हे भारतीयांना सांगावयास नको. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने येथील माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनाला तीतून वगळले. त्याची सल इतकी खोल होती की, १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नोंदला गेला. अहिंसेला वाहिलेल्या संघटनेने तो नोंदला, कारण तेथे मुद्दा शस्त्राचा नसून समतेचा होता. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत तो हक्क आला नाही, तेही विचारपूर्वकच.

न्यूयॉर्कची जुनी पद्धत २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालपत्रानुसार काही ‘संवेदनशील स्थळे’ निषिद्ध ठेवता येतात, परंतु मॅनहॅटनचे बेट केवळ गजबजलेले आहे आणि तेथे पोलीस आहेत एवढ्यावरून ते सारे संवेदनशील ठरवता येणार नाही. मज्जावाला इतिहासात आधार हवा, असा दंडक त्यांनी घातला. भुयारी रेल्वेत रोज दाटीने प्रवास करणाऱ्या लक्षावधी श्रमिकांना अठराव्या शतकातील पूर्वज कोठून मिळणार? न्यूयॉर्कने काही दिवसांतच नवा कायदा करून भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर, उद्याने, ग्रंथालये, नाट्यगृहे यांना निषिद्ध ठरवले, आणि त्यांवरील दावे लगेच सुरू झाले.

या दाव्यांत एक मुद्दा विशेष मोलाचा आहे. मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ काय घ्यावयाचा? टेक्सासमध्ये मौन म्हणजे संमती. नको असेल त्याने इंचभर अक्षरांची पाटी लावावी आणि शस्त्रधारी गिऱ्हाइकांचा रोष पत्करावा. हवाईने २०२३ साली याच्या उलट नियम केला : मौन म्हणजे नकार, ज्याला हवे असेल त्याने तसे सांगावे. नियम तोच, फक्त पाटी लावण्याचा भार दुसऱ्या खांद्यावर गेला. पण मोठ्या बाजारसंकुलाला कोणतीही पाटी परवडते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाशी वैर परवडत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी हा फरक फार मोठा असतो. हवाईचा नियम एका अपील न्यायालयाने २०२४ मध्ये उचलून धरला, न्यूयॉर्कचा तशाच प्रकारचा नियम दुसऱ्याने लोकांना खुल्या असलेल्या जागांपुरता अडवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाईचा वाद सुनावणीस घेतला.

अमेरिकेतील समाजवाद्यांनी आणि कामगार संघटनांनी या क्षेत्रात मागावयाचे ते परवाना कोणाला द्यावा याविषयीच्या जुन्या भांडणापलीकडचे आहे. परवान्याचे निकष सर्वांना सारखे, लेखी आणि मर्जीमुक्त असावेत. निषिद्ध स्थळांची यादी न्यायालयापासून नव्हे, शहराच्या बसपासून सुरू व्हावी. तेथील तपासणीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, तिकिटाच्या दरातून नव्हे. कामाच्या जागी मज्जाव असावा की नसावा, याचा निर्णय मालकाने एकट्याने न घेता कामगारांच्या प्रतिनिधींशी करार करून घ्यावा. मजुरी आणि कामाचे तास ठरतात त्याच टेबलावर तो यावा. आणि ज्या नगरपालिकांनी ग्रंथालये बांधली त्यांना ग्रंथालयाच्या दारावर पाटी लावण्याची मुभा असावी. रस्त्यापलीकडच्या पुस्तकविक्रेत्याला ती १९९० च्या दशकापासून आहे.